ही साधी कावीळ नव्हती

बाळंतपणाला मी माहेरी, राजुरीला आले होते. मुलगी आठवड्याची झाली आणि तिचे डोळे पिवळे दिसायला लागले. डोक्याच्या मागच्या बाजूला पाणी भरलेल्या बारीक फोडांचा पुंजका उठला.

"घामोळ्या हायेत," आई म्हणाली. "लई गुंडाळू नको तिला."

कावीळ तर बहुतेक बाळांना होते, कोवळं ऊन दाखवा, असं शेजारणी सांगून गेल्या. मी उन्हात बसले. पण ती दूध ओढेना. पदराखाली घेतलं की मान टाकायची. भूक लागली तरी रडेना, आणि मला त्याचीच धास्ती बसली.

आळेफाट्याला बाळांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी तपासणीसाठी टाचेला सुई टोचली, मग कापूस दाबून धरला. कापूस लाल झाला. दुसरा लावला, तोही भिजला. बाईंनी पोट चाचपलं, फोड पुन्हा नीट पाहिले.

"बाळंतपणाच्या आसपास तुम्हाला ताप होता का? घरात कुणाच्या ओठावर फोड?"

"ताप व्हता मला," मी म्हणाले. "आमाला वाटलं, दगदगीचा."

"ताई, ही साधी कावीळ नाही. लिव्हर काम करत नाहीये, म्हणून रक्त थांबत नाही. या फोडांवरून मला हर्पीसची, ओठावर फोड आणणाऱ्या विषाणूची शंका येते. रिपोर्टची वाट बघायला वेळ नाही. औषध इथंच सुरू करते, तुम्ही पुण्याला निघा."

सासरी, शिनोलीला असलेले मालक तिथूनच परस्पर पुण्याला निघाले. अँब्युलन्समध्ये मी तिच्या छातीवरून नजर हलवली नाही. नारायणगाव, मंचर कधी गेलं कळलं नाही. श्वास जरा लांबला की माझाही अडकायचा. आई शेजारी हात जोडून बसली होती.

पुण्यात तिला काचेच्या पेटीत ठेवलं, रक्त थांबावं म्हणून प्लाझ्मा, रक्तातला पातळ भाग, चढवला. रिपोर्ट आला, बाईंची शंका खरी होती.

"माज्यामुळं झालं का?" मी तिथल्या डॉक्टरांना विचारलं.

"हा विषाणू आपल्या अंगात आहे, हे पुष्कळ आयांना माहीतच नसतं," ते म्हणाले. "तुम्ही वेळेत आलात."

लिव्हर हळूहळू सावरलं. घरी आल्यावरही कित्येक महिने औषध चाललं, डोळे आणि कान तपासून झाले. आता ती शिनोलीच्या अंगणवाडीत जाते. तरी तिला डास चावला की मी तिला उजेडात ओढते. "डासच हाय गं," मालक म्हणतात. मी तरीही बघतेच.