छपरावरच्या काचा

ज्या कसुरीचा दोष मी एका शिवणकाम करणाऱ्या बाईंवर ढकलला, ती कसूर माझी होती. हे वाक्य मी कित्येक वर्षे मनात जुळवत आलो. कागदावर आज उतरते आहे.

दोन हजारच्या दशकाअखेरीस सातपूरमधल्या एका मोठ्या कापड-किराणा दुकानात मी विजेची देखभाल पाहत असे. दुपारी भारनियमन असायचे. शेठनी छपरावर सौर पॅनेल बसवली आणि त्याच बॅटऱ्यांवरून शेजारच्या चार टपऱ्यांनाही लाइन दिली. अट एकच: दिवा, पंखा, शिलाई मशीनची मोटर चालेल, इस्त्री लावायची नाही. कारखान्यांची काजळी पॅनेलच्या काचांवर बसे आणि वीज कमी बने. दर सोमवारी चढून त्या धुणे माझे काम. शिडीची मला भीती वाटे. सलग पाच सोमवार मी वर गेलो नाही. कोणी विचारले की "धुतल्या" म्हणत असे.

एका दुपारी गिऱ्हाईक आत असतानाच दुकानातले दिवे गेले. शेठ म्हणाले, "वीज जाते कुठं?"

माझ्या तोंडून निघाले, "टेलरबाई इस्त्री लावत असतील."

सायखेड्याच्या त्या बाई हातातला ब्लाउज तसाच घेऊन शेजारच्या टपरीतून बाहेर आल्या. "भाऊ, माझी इस्त्री कोळशाची हाय. हात लावून बघा, चटका बसला की कळंल."

कोणीतरी हसले. मी इस्त्रीत डोकावलो. कोळसे लाल होते. तरीही मान खाली घालून मी त्यांच्या टपरीची वायर काढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिडी गच्च धरून चढलो. काळे पाणी पन्हाळीतून किती तरी वेळ वाहत राहिले. त्या दुपारी दिवे टिकले.

"बघ, बाईची लाइन तोडली अन् वीज पुरली," शेठ म्हणाले.

मी "हो" म्हणालो. तो होकार मला अजून स्वस्थ बसू देत नाही.

मोटर बंद पडल्यावर बाई पायाने मशीन किती रेटणार? लग्नसराईची कामे दुसरीकडे गेली आणि महिन्याभरात बाईंनी टपरी सोडली. आजही कुठे पॅनेल दिसली की माझी नजर आधी धूळ शोधते.

सायखेड्याला, त्यांच्या गावी जायला निघून दोनदा स्टँडवरूनच परतलो. तिसऱ्यांदा गेलो. बाई घराच्या ओट्यावर बसून ब्लाउजला काजे करत होत्या.

"काय भाऊ, आता काय तोडायला आले?"

आत सून होती, दारात शेजारीण. माझा आवाज मुळातच बारीक. तरी दोघींना ऐकू जाईल इतका तो मी चढवला. "ताई, तुमची इस्त्री कोळशाचीच होती. मी पाहिली होती. काचा मी धुतल्या नव्हत्या. तुमच्यावर खोटा आळ घेतला. मला माफ करा."