काकांनी केलेला सौदा

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांइतका निःपक्षपाती माणूस अख्ख्या सिंगापुरात नसेल. उभा जन्म जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढलेले हे मरीन इंजिनियर कुठल्याशा अमेरिकन बंदरात जहाज अडकलं असताना बेसबॉलच्या नादी लागले, ते लागलेच. निवृत्तीनंतर त्यांनी बिशानमधल्या आम्हा आयटीवाल्यांना गोळा करून रविवारची टीम उभी केली. सामना सुरू करणारा पिचर, म्हणजे आपला सलामीचा गोलंदाज, हाच काय तो खरा खेळाडू. बाकीचे आठ जण त्याच्या सोबतीला उभे, असं त्यांचं ठाम मत. आमच्याकडे असे चार होते, त्यांतले एक स्वतः काका. प्रत्येकाची पारख ते वहीत लिहीत. माझ्या पानावर होतं, 'वेग बरा. दिशा देवाच्या हाती.' बँकेतल्या एका मित्राच्या पानावर, 'तीन इनिंग वाघ, चौथीपासून जावई.' हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या गाळ्यावर नूडल्स परतणाऱ्या आजींचं मनगट ते इतका वेळ न्याहाळत, की एकदा काकांची नात म्हणाली, "आजोबा, कॅनॉट स्टेअर लाइक दॅट, लाह."

मग शेजारच्या तोआ पायोह वस्तीच्या टीममधला एक डावखुरा शाळामास्तर त्यांच्या मनात भरला. आमच्याकडे डावखुरा नव्हता. पलीकडचा कॅप्टन म्हणाला, बदल्यात एक पिचर द्या. तो आठवडा आम्हा तिघांचा फार वाईट गेला. ऑफिसात माझं लक्ष लागेना.

रविवारी सकाळी काकांनी गवतावर बसून वही उघडली आणि वाचलं, "वय बासष्ट. वेग संपला. खांदा ढगाळ हवेत दुखतो. डोकं शाबूत. द्यायला हरकत नाही."

आमच्यात बासष्टचं दुसरं कुणीच नव्हतं.

"काका, अहो, टीम तुमची आहे," मी म्हणालो.

"तुमच्याबद्दल खरं लिहायचं आणि माझ्याबद्दल खोटं, असं कसं चालेल?" असं म्हणून त्यांनी टोपी काढून माझ्या हातात दिली.

मास्तर खरोखरच उत्तम निघाले. आम्ही जिंकायला लागलो. पुढे एकदा तोआ पायोहशी गाठ पडली आणि समोर काका उभे. त्यांचा चेंडू इतका सावकाश आला, की मी तिन्ही वेळा आधीच बॅट फिरवून मोकळा झालो. तीन हुकले की बाद, म्हणून मी परतत असताना त्यांनी जवळ येऊन माझं कोपर थोडं खाली केलं, आणि ते आपल्या नव्या टीमकडे गेले.

हल्ली रविवारी सकाळी आम्ही एकाच लिफ्टने उतरतो, एकाच एमआरटीने मैदानावर जातो. पण सामन्याच्या दिवशी समोरच्या टीमशी बोलायचं नसतं म्हणून काका मुद्दाम दोन डबे पुढे जाऊन चढतात. चढण्याआधी मात्र प्लॅटफॉर्मवरून वाकून बघतात, मी आत शिरलो की नाही ते.