अराबाच्या कपाळावरची आठी

विनेबाच्या किनाऱ्यावर मासळीला धुरी देणाऱ्या बायकांत अराबाचा दरारा होता. समोर कुणी आलं की ती मान तिरकी करायची, डोळे बारीक करायची आणि कपाळाला आठी घालायची. नव्या पोरींना वाटे, ही आपली मापं काढतेय. शेजारच्या भट्टीवरच्या एकुआनं तर तिच्याशी बोलणंच टाकलं होतं. एकुआच्या लेकीच्या बारशाला अराबा बाळाकडे अशीच तोंड वाकडं करून बघत राहिली होती.

अराबाची समजूत अशी, की जग सगळ्यांना असंच दिसतं. अक्षरांच्या कडा विस्कटलेल्या, दिव्यांना शेपट्या फुटलेल्या. साठीनंतर त्यावर धुकंही चढलं, तेव्हा मुलानं तिला केप कोस्टच्या इस्पितळात नेलं.

डॉक्टरबाई तिथं तपासायला होत्या. मोतीबिंदू तर आहेच, त्या म्हणाल्या, पण बुबुळाचा पुढचा भागही चेंडूसारखा गोल नाही, अंड्यासारखा आहे, बहुधा लहानपणापासूनच. मोतीबिंदू काढल्यावर डोळ्यात बसवायचं, तो वाकडेपणा भरून काढणारं भिंग मिळतं, मात्र ते नेमक्या कोनात बसायला हवं. शस्त्रक्रियेआधी त्यांनी तिला ताठ बसवून डोळ्यावर शाईच्या खुणा केल्या. आडवं झालं की डोळा जरासा फिरतो, म्हणून.

"इतकी वर्षं चष्मा का नाही लावलात, आजी?"

"बाकीच्यांना वेगळं दिसतं, हे मला कुठं ठाऊक होतं?"

दोन्ही डोळे झाले. काही आठवडे धुराजवळ जायचं नाही, डोळा चोळायचा नाही, अशी ताकीद मिळाली. अराबा भट्टीपासून लांब, बाकड्यावर बसून राही. कपाळ आपोआप सैल पडलं होतं.

एका सकाळी डोक्यावर घमेलं घेतलेली एकुआ तिच्यासमोर थबकली.

"तुझा राग कुठं गेला गं?"

"कसला राग?"

एकुआनं बारशाची गोष्ट काढली. अराबाला ती आठवायला वेळ लागला.

"मला त्याचं तोंड नीट दिसत नव्हतं," ती म्हणाली. "कुणावर गेलंय ते शोधत होते."

एकुआनं घमेलं खाली ठेवलं आणि शेजारी टेकली. "माझ्यावर गेलं होतं," एवढंच म्हणाली.

ती गेल्यावर अराबाला नवऱ्याची आठवण आली. जेवताना तो अधूनमधून विचारायचा, माझं काय चुकलं म्हणून. ती हसून ताट पुढं सारायची. त्याला जाऊन बरीच वर्षं झाली होती. तो खरंच विचारत होता, हे तिला आज कळलं. ऊन बाकड्यावर येईपर्यंत ती तशीच बसून राहिली.