काकांची अलॉय चाकं

"हात नाय लावायचा. फिनिश जातं."

हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझा हात चाकापासून चांगला वीतभर लांब होता. तरीही काकांनी खिशातून रुमाल काढला आणि जिथे मी हात लावलाच नव्हता ती जागा पुसून घेतली. मग दोन पावलं मागे सरून, मान तिरकी करून, मुलाला दहावीला नव्वद टक्के पडल्यावर बाप ज्या नजरेने गुणपत्रिका बघतो त्या नजरेने त्यांनी चाकाकडे पाहिलं.

"अलॉय हाय," ते म्हणाले.

गाडी सेकंडहँड, पांढरी, आणि त्या जातीतलं सगळ्यात खालचं मॉडेल. काचा हाताने फिरवून खाली करायच्या. एसी होता, पण तो पेट्रोल खातो म्हणून काकांनी त्याला कायमचा उपास धरायला लावला होता. अशा गाडीला चारी चाकं अलॉयची! म्हणजे पालघरच्या एका दुकानातून रविवारी सकाळी आणलेली प्लॅस्टिकची व्हील कव्हरं. चंदेरी रंग, पाच पाती, आणि मधोमध बनवणाऱ्याने मोठ्या प्रेमाने काढलेले प्लॅस्टिकचेच पाच नट. गाडीच्या चाकाला मुळात नट होते चार. पाचवा हा निव्वळ नफा.

हात का लावायचा नाही, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. धातू हाताला गार लागतो आणि अंगठ्याने दाबला तर आत जात नाही. काकांचं अलॉय या दोन्ही बाबतींत जरा वेगळं होतं.

काका मूळचे माकुणसारचे, तारापूरच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर, आणि आमच्या बोईसरच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहायचे. प्लॅस्टिक हे धातू म्हणून खपवायला त्यांनी बिल्डिंगही नेमकी शोधून काढली होती. मी रंगाच्या कारखान्यातल्या लॅबमध्ये केमिस्ट. दुसऱ्या मजल्यावरचे शर्माजी ॲल्युमिनियमच्या फाउंड्रीत सुपरवायझर, म्हणजे अलॉय हे त्यांचं रोजचं जेवणच. आणि माझे वडील, नाना, रिटायर्ड फिटर. त्यांची सगळी नोकरी पत्रा आणि कानस यांच्या सहवासात गेलेली. पहिल्याच दिवशी नाना छत्री घेऊन खाली गेले, कुणी बघत नाही असं पाहून छत्रीच्या टोकाने चाकावर टकटक केलं आणि वर आले.

"प्लॅस्टिक आहे," त्यांनी जाहीर केलं. "कुणी बोलायचं नाही."

"का?"

"माणूस खूश आहे. तुझं काय जातंय?"

आता यावरून आमची बिल्डिंग फार मोठ्या मनाची आहे, असं कृपया समजू नका. काकांची गाडी ही मागितल्याबरोबर मिळणारी एकमेव गाडी होती. कुणाला स्टेशनवर सोडायचंय, कुणाला कागद घेऊन पालघरला जायचंय, काका तयार. "येतो ना. गाडी काय माझ्या एकट्याची हाय?" त्या बदल्यात वाटेत अलॉयचे फायदे ऐकावे लागत. टायर थंड राहतो. ॲव्हरेज वाढतं. "अलॉयमुळं गाडी रस्ता पकडते." गाडी रस्ता इतका घट्ट पकडायची की पुलाच्या चढावर दुसरा गिअर टाकल्याशिवाय सोडायची नाही.

एकदा मी विचारलं, "काका, एवढी हौस कशाला?"

"तुमाला नाय कळायचं भाऊ. गावात लग्न असलं की मांडवाबाहेर गाड्या लागतात. माझा धाकटा भाऊ मोठी गाडी घेऊन येतो. लोक तोंडं नाय बघत, चाकं बघतात."

यावर हसू आलं होतं, पण मी ते चिंचणीच्या फेरीसाठी राखून ठेवलं. आम्ही दोघं सुके बोंबील आणायला चिंचणीला निघालो होतो. एका खड्ड्यात गाडी आपटली आणि क्षणभराने डावीकडून आम्हाला कुणीतरी ओव्हरटेक केलं. ते काकांचंच पुढचं अलॉय होतं. ते ऐटीत रस्त्याने गेलं, वळणावर वळलं नाही, आणि मासळी वाळत घातलेल्या अंगणात शिरलं. आम्ही गाडी लावून पोचेपर्यंत तिथल्या बाईने ते टोपलीवर घालूनही टाकलं होतं.

"मावशी, आमचं अलॉय आलं काय इकडं?" काकांनी विचारलं.

"अलॉय नाय आलं बाबा. ह्ये झाकण आलं. बघ, टोपलीवर कसं बसलंय."

"झाकण नाय, अलॉय हाय ते."

"मंग उडालं कसं?"

या शास्त्रीय शंकेवर काकांनी पाकीट काढलं. झाकण सोडवायला त्यांना हवे होते त्याच्या दुप्पट बोंबील घ्यावे लागले. पुढे आठवडाभर बिल्डिंगच्या जिन्यात बोंबलाचा वास होता, आणि पुढच्या डाव्या चाकालाही.

त्यानंतर काकांनी धसका घेतला. संध्याकाळी कामावरून आले की चारी कव्हरं काढायची, पिशवीत घालून तीन मजले चढवायची, सकाळी परत बसवायची. काकू वैतागून म्हणायच्या, "माझी भांडी घासून होतात तर ह्यांची चार ताटं येऊन पडतात." ही वरात मी महिनाभर गॅलरीतून मजेत पाहिली. मग माझ्यातला एम.एस्सी. केमिस्ट्री जागा झाला. एवढं शिकलेला माणूस शेजारी असताना काकांनी असे हाल काढावेत?

मी त्यांना दोन डब्यांचं इपॉक्सी आणून दिलं. नुसतं दिलं नाही, एका रविवारी शर्टाच्या बाह्या वर करून स्वतः लावलं. आधी रिम सॉल्व्हंटने पुसली, मग दोन्ही डबे मोजून मिसळले, कव्हरच्या सगळ्या कडेने आणि मध्येही भरपूर लेप दिला आणि चोवीस तास गाडी हलवायची नाही अशी ताकीद दिली. कारखान्यात टाक्यांची गळती ज्याने बंद करतात त्याने मी काकांची इज्जत चाकाला चिकटवली.

"आता हातोडा मारलात तरी निघणार नाही," मी म्हणालो.

काकांनी बिल्डिंगभर पेढे वाटले. नाना तेवढे पेढा खाताना म्हणाले, "आणि पंक्चर झालं तर?"

"बघू तेव्हा," मी म्हणालो. रिटायर्ड माणसांना नाही नाही त्या शंका काढायची सवय असते.

ते 'तेव्हा' मे महिन्यातल्या एका दुपारी आलं. नानांच्या छातीत दाबल्यासारखं व्हायला लागलं, सदरा घामाने भिजला. जवळच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तपासलं आणि एवढंच सांगितलं, "पालघरला न्या. आत्ताच्या आत्ता." ॲम्ब्युलन्स दुसऱ्या पेशंटला घेऊन गेलेली. काका पहिली पाळी करून नुकतेच जेवायला बसले होते. माझा फोन गेला आणि ते आमटीचा हात तसाच टॉवेलला पुसत खाली आले.

उमरोळीच्या पुढे फाट् असा आवाज झाला आणि गाडी डावीकडे ओढायला लागली. पुढचा टायर बसला होता. मी रस्त्यात उभा राहून हात दाखवले. दोन ट्रक गेले, कंपनीची एक बस गेली, थांबलं कुणीच नाही. काकांनी तोवर स्टेपनी, जॅक, पाना सगळं बाहेर काढलं होतं. मग आम्ही दोघं त्या चाकासमोर उकिडवे बसलो. समोर पाच नट स्वच्छ दिसत होते. जे चार सोडवायचे होते ते त्याच्या खाली होते.

मी कडेच्या फटीत स्क्रू-ड्रायव्हर घातला आणि जोर केला. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक वाकलं. कव्हर हललंसुद्धा नाही. माझं काम एक नंबर झालं होतं. नोकरीत मी पुष्कळ चुका केल्या, पण स्वतःच्या बिनचूक कामाचा असा तिटकारा मला पुन्हा कधी आला नाही. मागच्या सीटवर नाना डोळे मिटून होते, ओठ पांढरे पडलेले, आणि मी माझ्याच बापाच्या आणि दवाखान्याच्या मध्ये इपॉक्सी ओतून ठेवलं होतं.

"निघंल काय?" काकांनी विचारलं.

"नाही काका."

त्यांनी एकदा मागच्या सीटकडे पाहिलं. मग पाना दोन्ही हातांनी उचलला आणि चाकावर हाणला. तिसऱ्या फटक्याला अलॉय फुटलं. चंदेरी तुकडे रस्त्यावर उडाले, उरलेले त्यांनी नुसत्या बोटांनी उपटून काढले. मी पुढे झालो तर म्हणाले, "तुमी नानांकडं बसा." आतले चार नट गंजलेले. ते त्यांनी अंगाचा भार टाकून सोडवले, चाक बदललं, आणि गाडी सुरू झाली तेव्हा स्टिअरिंग त्यांच्या बोटांच्या रक्ताने चिकट झालं होतं.

"काय फुटलं रे?" नानांनी डोळे न उघडता विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत काका म्हणाले, "काय नाय नाना. दगड होता."

नाना वाचले. आणखी उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं, असं डॉक्टर म्हणाले आणि मी बाहेरच्या बाकावर जाऊन बसलो. थोड्या वेळाने काका आले. दोन्ही हातांना बँडेज होतं. त्यांनी नानांची चौकशी केली, शेजारी बसले.

"भाऊ, एक सांगू? बिल्डिंगमध्ये बोलू नका हां."

"काय?"

"तेच. प्लॅस्टिक होतं म्हणून."

तो शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकला. बाप वाचल्याचं रडू मी आतापर्यंत दाबून धरलं होतं, ते या वाक्यावर फुटलं.

दुसऱ्या दिवशी बिल्डिंगखाली सगळे जमले. नानांची विचारपूस झाली आणि नजरा चाकाकडे गेल्या. तीन चाकं चंदेरी आणि स्टेपनीचं एक काळं. काका बँडेज मागे लपवून उभे होते. मी घसा साफ केला आणि आयुष्यातलं सगळ्यात मनापासूनचं खोटं बोललो.

"पुढे खडीचा ट्रक होता. दगड उडाला. अलॉय फुटलं."

कुणी हसलं नाही. हळूहळू सगळ्यांनी शर्माजींकडे पाहिलं. शर्माजी खाली वाकले, काळ्या चाकाचं गंभीरपणे निरीक्षण केलं आणि उठून म्हणाले, "कास्टिंग में हवा रह जाए ना, तो अलॉय ऐसे ही टूटता है।"

"तेच म्हणतो मी," काका म्हणाले. "मॅन्युफॅक्चरिंग डिफेक्ट."

ज्या माणसाने उभी हयात कास्टिंगमध्ये हवा राहू दिली नाही, त्याने ते मान डोलावून मान्य केलं. या बिल्डिंगवर मी आजवर केलेली सगळी टिंगल त्या एका वाक्यासाठी मागे घ्यायला तयार आहे.

काकांनी जोडीचं कव्हर खूप शोधलं. ते डिझाइन बंद झालं होतं, आणि उरलेली तीन काढून नवी चार बसवावीत म्हटलं तर माझं इपॉक्सी होतंच. नाना हिंडू-फिरू लागले तसे ते कागद-पेन्सिल घेऊन काका दुपारी झोपलेले असताना खाली जायला लागले. शर्माजींकडून ॲल्युमिनियमचा जाड पत्रा आला. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली होती, आणि आमच्या गॅलरीतून दिवसभर कानशीचा आवाज यायचा. मी रागावलो तर म्हणाले, "नुसतं पडून काय करू?" तीन आठवड्यांनी त्यांनी कव्हर पुरं केलं. पाच पाती, पाच नट, सगळं हाताने. धातूची नक्कल करणाऱ्या प्लॅस्टिकची धातूत केलेली नक्कल. ते स्क्रूने बसायचं आणि स्क्रूने निघायचं. या वेळी नानांनी माझा सल्ला घेतला नव्हता.

काकांनी ते हातात घेतलं, वजन पाहिलं, चाकाला लावून पाहिलं.

"काम झकास हाय नाना. पण तीन ओरिजिनलच्या शेजारी ह्ये जरा डुप्लिकेट वाटतं, नाय?"

"वाटतं खरं," नाना म्हणाले. कामाला नावं ठेवलेली त्यांनी एवढ्या गोडीने कधी ऐकून घेतली नव्हती.

पुढे काका रिटायर झाले आणि गाडी घेऊन माकुणसारला गेले. फोन होत राहिले, मग कमी झाले. यंदाच्या थंडीत काका गेल्याचं आम्हाला चार दिवस उशिरा कळलं. नानांना आता जिना उतरवत नाही, तरी ते हट्टाने आले.

गाडी वाडीत चिकूच्या झाडाखाली उभी होती. चारी टायर बसलेले. तीन चाकांवरचा चंदेरी रंग उन्हाने पार उडून गेला होता, पातींना तडे गेले होते. चौथ्यावर गोणपाट पांघरलेलं होतं. काकूंनी ते उचललं. नानांचं कव्हर लखलखत होतं.

"चिकूचा चीक पडतो ना," काकू म्हणाल्या. "रोज सकाळी पुसायचे आणि परत पोतं घालायचे. बाकीच्या तिघांकडं बघायचे पण नाय."

"पण काकू, काकांना तर ते डुप्लिकेट वाटायचं."

"नाय ओ. पयल्याच दिवशी घरात येऊन मला बोलले, नानांनी खऱ्या धातूचं करून दिलंय. आख्खा जन्म स्टोअरमध्ये गेला त्यांचा, हातात घेतल्यावर कळणार नाय?"

"मग तेव्हा बोलले का नाहीत?"

"कसं बोलणार? ह्ये खरं म्हटलं, तर बाकीचे तीन काय हायत ते सांगायला लागलं असतं."

नानांनी काकूंच्या हातातून पोतं घेतलं, माझ्या खांद्याचा आधार घेत खाली वाकले, आणि चाकावर ते नीट पांघरून त्याच्या कडा चारी बाजूंनी आत खोचल्या.