पडद्यावर सारखा मरणारा माणूस

ऐंशीच्या दशकात मी अमेरिकेत, डेट्रॉइटजवळच्या ट्रॉयमध्ये एका दातांच्या डॉक्टरकडे असिस्टंट होते. एका शनिवारी सकाळी एक इमर्जन्सी पेशंट आला. त्याच्या पुढच्या दाताची कॅप पडली होती आणि दुपारी त्याचं डेट्रॉइटमध्ये नाटक होतं. मी वेटिंग रूमचं दार उघडलं, तर समोर तो!

पुण्यात कॉलेजात असताना मी आणि माझी बहीण रविवारी सकाळी कॅम्पात इंग्लिश सिनेमे बघायचो. त्यातल्या निम्म्यांत हा उंच, घाऱ्या डोळ्यांचा इंग्रज असायचा आणि मध्यंतराच्या आत मरायचा. कधी तलवारीने, कधी विषाने, एकदा तर दलदलीत बुडून. अलीकडे तो अमेरिकन टीव्हीवर एका मालिकेत कपटी वकील झाला होता आणि चक्क अजून जिवंत होता.

मी त्याच्या गळ्याभोवती कागदी रुमाल लावला. मग खुर्ची मागे झुकवली.

"मी तुम्हाला दलदलीत मरताना पाहिलंय," माझ्या तोंडून निघून गेलं.

तो ताडकन उठून बसला. "तो थिनेमा?" कॅप नसल्यामुळे त्याच्या प्रत्येक 'स'चा 'थ' होत होता. "तो लंडनमध्येथुद्धा कुणी बघितला नाही!"

"पुण्यात हाऊसफुल्ल होता."

तो इतका हसला, की डॉक्टर हातात कॅप घेऊन नुसते उभे राहिले. मग त्याने सांगितलं, की ती दलदल म्हणजे ओट्सची गार लापशी होती. तो मरत असताना सेटवरचा कुत्रा येऊन ती त्याच्या गालावरून चाटू लागला. "मला नायक व्हायचं होतं. पण मला मारायलाच थगळ्यांना आवडायचं!"

कॅप बसली. आरशासमोर चार-पाच खणखणीत 'स' म्हणून झाल्यावर तो म्हणाला, "तुझ्या नावाने दोन पास ठेवतो."

माझ्या शेजारच्या काकू नागपूरच्या, त्या मालिकेच्या परमभक्त. मी लगेच फोन लावला.

"काकू, तो वकील आलाय! नाटकाला चला!"

"अगं, इथं कढी उकळून राहिली!" फोन आपटल्याचा आवाज आला. मी घ्यायला गेले, तेव्हा काकू पैठणी आणि बर्फातले बूट घालून दारात उभ्या होत्या.

नाटक विनोदी होतं. तो त्यात मेला नाहीच, उलट शेवटी त्याचं लग्न झालं! काकूंनी शिट्टी वाजवली. त्यांना शिट्टी येते हे मला तेव्हा कळलं. नंतर तो लॉबीत आला, तर काकूंनी त्याला बोट रोखून इंग्रजीत दम भरला, "त्या बिचाऱ्या विधवेचं घर तिला परत दे!"

त्याने कमरेत वाकून नमस्कार केला. "मॅडम, सोमवारीच लेखकांशी बोलतो."

परतताना आमचं हसू थांबेना. त्या नादात माझी लेन चुकली आणि गाडी थेट डेट्रॉइटहून नदीखालून कॅनडाला जाणाऱ्या बोगद्याच्या तोंडाशी. टोलवाल्याने विचारलं, "कॅनडात काय काम?"

काकूंनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "काही काम नाही! आम्ही फार खूश आहोत!"

त्याने आधी पैठणीकडे पाहिलं, मग बुटांकडे, आणि मागच्या गाड्या थांबवून आम्हाला वळायला जागा करून दिली.