अक्षता आणि माझे पाय

"तू दारातच थांब. तुमच्या वस्तीतली धूळ मशीनला चालणार नाही," सर म्हणाले.

कॉम्प्युटरच्या खोलीत चपला बाहेर काढून जायचा नियम होता. सगळ्यांनीच काढल्या होत्या. सरांना पाय मात्र माझेच दिसले. आडनाव त्यांनी पहिल्याच दिवशी विचारून घेतलं होतं.

नव्वदच्या दशकातलं बारामतीचं इंजिनिअरिंग कॉलेज. मी डाळज गावाहून भिगवणमार्गे एसटीनं यायची. सर वर्गात सांगायचे, ड्रॉइंग बोर्डाचे दिवस संपले, इथून पुढं सगळं कॉम्प्युटरवर. ज्याचा हात त्यावर बसणार नाही, तो घरी बसेल. मग दारात उभं राहून मी काय शिकणार होते? पोरं स्क्रीनवर रेषा काढायची, मला त्यांच्या पाठी दिसायच्या. दिवाळीनंतर प्रॅक्टिकलची परीक्षा होती.

आईला सांगितलं. ती म्हणाली, "गप उभी ऱ्हा बाई. तोंड उघडलंस तर काढून टाकत्याल." तीही घाबरली होती.

खंडेनवमीला सरांनी कॉम्प्युटरची पूजा केली. स्क्रीनला हळदकुंकू, वर झेंडूची माळ, मूठ भरभरून अक्षता. ती धूळ मशीनला चालत होती. आम्ही बौद्ध. मी दारातून बघत होते.

दसऱ्याच्या सुट्टीनंतर एका मशीनची बटणं दबेनात. सर सरळ माझ्याकडं वळले.

"हात लावलास ना? तसं लिहून दे."

लिहून दिलं असतं तर शिक्षणच संपलं असतं. पण अक्षता कुठं सांडल्या ते दारातून मला नीट दिसलं होतं. मी आत गेले. अनवाणी. कीबोर्ड उचलला, उलटा धरून हलवला. कुंकू लागलेले तांदूळ टेबलावर पडले. बटणं चालायला लागली.

सरांनी तांदूळ हातानं टेबलाच्या कडेला सारले. मग म्हणाले, "ठीक आहे. आता बाहेर हो."

माफी नाही. काही नाही. माझं डोकं भणाणलं. मी खुर्चीत बसले. घाबरून घरचीच भाषा तोंडात आली.

"न्हाय सर. परीक्षा माझीबी हाय."

पहिली रेषा वाकडी आली. पुसली. पुन्हा काढली. सर मागं उभे होते, त्यांचा श्वास ऐकू येत होता. भीती गेली नव्हती, आजही जात नाही. पण दारात मी पुन्हा उभी राहणार नव्हते. काढायचंच असेल, तर मला खुर्चीसकट उचलून बाहेर काढावं लागेल.