मामाच्या मोटारीचा स्टार्टर

माझा मामा शिलाई मशीन दुरुस्त करतो, पण दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला तो आधी आपल्या जुन्या मोटारीविषयी ऐकवतो. "खिळा न् खिळा मूळचा आहे," हे त्याचं पालुपद. ऐकून ऐकून आमचे कान किटले होते.

या मोटारीचा स्टार्टर मात्र कधीच जळून गेला होता. दर रविवारी मामा ऐटीत स्टिअरिंग धरून बसायचा आणि मामी मागून ढकलायची. उतार लागला की इंजिन खोकायचं, धूर सोडायचं आणि सुरू व्हायचं. मग मामी धापा टाकत येऊन शेजारी बसायची. लहानपणी मला वाटायचं, मोटारी अशाच चालतात.

पुढे मामीचे गुडघे कुरकुरायला लागले. एका रविवारी तिने डिकीवर हात टेकले आणि काढून घेतले. "अहो, आता नाही जमायचं मला. तुम्ही या जाऊन," म्हणाली आणि घरात गेली. शेजाऱ्याने ढकलून दिल्यावर मामा एकटाच निघाला खरा, पण कोपऱ्यावरूनच परत आला. शेजारची सीट रिकामी असली की त्याला करमत नाही, हे मला तेव्हा कळलं आणि मामाबद्दल फार माया वाटली.

मग सुरू झाला स्टार्टरचा शोध. जुन्या सुट्या भागांच्या दुकानात जाऊन मामा गाडीचं नाव आणि साल ठसक्यात सांगायचा, आणि दुकानदार त्या गाडीचा स्टार्टर काढून द्यायचा. एकाची भोकं जुळेनात. एक बसला, पण फिरला उलटा. तो मामीने दाराला अडसर म्हणून लावला.

दुकानदाराने शेवटी हात टेकले. स्टार्टर गाडीच्या नावावर नाही, इंजिनावर ठरतो, म्हणाला; इंजिनाचा नंबर आणा, नाहीतर जुना स्टार्टर तरी दाखवा. जुना स्टार्टर मामाने घाईघाईने भंगारात घातला होता. नंबराचं नाव काढलं की तो मूग गिळून बसायचा.

खरं काय ते मला मामीने सांगितलं. मूळचं इंजिन फार पूर्वीच कामातून गेलं होतं आणि मामाने गुपचूप बेकरीच्या व्हॅनचं इंजिन बसवलं होतं. तेव्हा टॉर्च धरून उभी होती मामीच. मग तूच सांग की दुकानदाराला, असं मी म्हटलं.

"गाडी त्यांची, बढाई त्यांची," मामी म्हणाली. "मी कशाला सांगू?"

पुढच्या खेपेला आम्ही मामीला डॉक्टरांना दाखवून तसेच त्या दुकानात गेलो. नेमकी मामाची जुन्या मोटारींची दोस्तमंडळी तिथेच अड्डा जमवून बसली होती. दुकानदाराने पुन्हा नंबर विचारला. मामी स्टुलावर बसून गुडघा चोळत होती. मामाने तिच्याकडे पाहिलं, दोस्तांकडे पाहिलं आणि घसा खाकरला.

"इंजिन मूळचं नाही. बेकरीच्या व्हॅनचं आहे. मीच बसवलंय."

त्या दोस्तांपैकी एक घड्याळजी होता, तो डोकं खाजवत हळूच म्हणाला, "माझा गिअरबॉक्स टेम्पोचा आहे."

त्यावर जो हशा उसळला, त्यात आणखी दोघांनी आपापली पापं कबूल केली. दुकानदाराने वरच्या फळीवरून एक धुळकट स्टार्टर काढला, त्याचे दाते मोजले, फिरण्याची दिशा पाहिली आणि मान डोलावली.

रविवारी मामाने किल्ली फिरवली, आणि पहिल्याच फटक्यात इंजिन सुरू झालं. मामी सवयीने मागे डिकीला हात लावून उभी, धुरात. मामाने आतून दार उघडलं. ती येऊन बसली, पण जरा हिरमुसली. "सुरू होताना आतून कसं वाटतं, ते राहिलंच की माझं."

मामाने लगेच गाडी बंद केली. "तूच फिरव किल्ली."

मामीने फिरवली. मी मागच्या सीटवर होते. इंजिन धडधडलं तशी ती इतकी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या दिवशी आम्ही कोपऱ्याच्या पुढे फारसे गेलोच नाही, कारण मामी थोडं पुढे गेलं की गाडी बंद करायला लावायची आणि पुन्हा स्वतः सुरू करायची.